डेस्कटॉपला यूएसबी वायफाय: लागतं, पण टिकत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉलमध्ये फायबरचा राउटर, आतल्या खोलीत सात-आठ वर्षांचा विंडोज १० चा डेस्कटॉप, मध्ये दोन भिंती. घरभर केबल ओढायची नाही म्हणून यूएसबी वायफाय अडॅप्टर आणला. त्याच खोलीत मोबाईलवर नव्वदच्या आसपास स्पीड येतो (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे एमबीपीएस; पुढचे वेगाचे आकडेही त्यातच), पीसीवर जेमतेम पंधरा-वीस, आणि व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो. अडॅप्टर बदलायचा की काही सेटिंग चुकलंय?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. आधी अडॅप्टरची जागा बदला.

कॅबिनेट टेबलाखालच्या खणात, पाठ भिंतीला लागलेली, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. अंगठ्याच्या नखाएवढा नॅनो अडॅप्टर त्या पाठीतल्या पोर्टमध्ये खोचला की त्याच्या एका अंगाला अख्खी पत्र्याची पेटी, दुसऱ्या अंगाला भिंत आणि भोवती वायरींचं जंजाळ. आतली अँटेना म्हणजे सर्किट बोर्डावरची काही मिलिमीटरची तांब्याची रेघ. राउटरच्या दिशेला नेमका पत्रा आडवा आला की ती बिचारी करणार काय? मोबाईल हातात मोकळा असतो, म्हणून त्याच खोलीत तो चांगला चालतो.

तेव्हा एक ते दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला खाच असलेली. शे-दोनशे रुपयांत मिळते. अडॅप्टर त्या टोकाला लावून टेबलाच्या वर, मॉनिटरच्या बाजूला किंवा भिंतीवर छातीच्या उंचीला चिकटवा. मॉनिटरच्या मागे नको, तिथेही पत्रा आहेच. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक आणि राउटर एका रेषेत येत असतील तर अडॅप्टर हात-दीड हात डावी-उजवीकडे सरकवून बघा. एवढ्याशा फरकानेही सिग्नल बदलतो, कारण भिंतींवरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि वीतभर पुढे एकमेकींना साथ देतात. बाहेरची दांडी-अँटेना असेल तर ती उभी ठेवा. दांडीच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी जातो, त्यामुळे टोक राउटरकडे रोखून ठेवणं हा उलटा उद्योग आहे.

केबल घेताना वायरीवरची बारीक अक्षरं वाचा. चांगल्या केबलवर ‘२८/२४ एडब्ल्यूजी’ असं काहीतरी छापलेलं असतं. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप. आकडा जितका लहान तितकी तार जाड, आणि २४ हा वीज नेणाऱ्या तारांचा आकडा. सगळ्याच तारा २८ च्या असतील तर लांबीबरोबर व्होल्टेज पडतं, अडॅप्टर डेटा पाठवायला जोर लावतो त्याच क्षणी उपाशी पडतो आणि विंडोजचा तो ‘डिंग-डाँग’ आवाज येऊन गायब होतो. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा पाच मीटर असली तरी साध्या एक्स्टेंशनने दोन मीटरच्या पुढे जाऊ नका.

विजेचाच मुद्दा निघालाय तर: यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेला, ३.० चा ९००. दोन अँटेनांचा मोठा अडॅप्टर पहिल्या आकड्याच्या काठावर चालतो. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट मदरबोर्डपासून लांब, बारीक वायरीने जोडलेले असतात. तिथे एक्स्टेंशन लावली की दोन्ही तोटे एकत्र येतात. म्हणून केबलचं एक टोक मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये आणि अडॅप्टर टेबलावर, हीच जोडी ठेवा. स्वतःचा चार्जर नसलेल्या यूएसबी हबवर अडॅप्टर लावू नका.

आता एक चमत्कारिक दुखणं. बाहेरची हार्ड डिस्क निळ्या (यूएसबी ३.० च्या) पोर्टमध्ये लावून कॉपी सुरू केली की नेट मरतं, कॉपी संपली की उठून बसतं. भुताटकी नाही ही. यूएसबी ३.० चा सिग्नल सेकंदाला पाच गिगाबिटने धावतो आणि त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासही पसरतो. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (बँड) एक नेमका तिथेच आहे, दुसरा ५ गिगाहर्ट्‌झवर. पोर्ट, केबल आणि डिस्कचं वेष्टन, तिन्हींतून तो गळतो. इंटेलने २०१२ साली यावर स्वतंत्र टिपणच काढलं होतं. शेजारच्या पोर्टमध्ये बसलेला नॅनो अडॅप्टर त्या गोंगाटात राउटरचं बोलणं ऐकू शकत नाही. वायरलेस माऊसचं बटणाएवढं रिसीव्हरही २.४ वरच चालतं, त्यामुळे हाच गोंगाट माऊसलाही अडखळायला लावतो. इलाज पुन्हा तोच: अडॅप्टर डिस्कपासून दूर, एक्स्टेंशनवर, शक्यतो काळ्या (यूएसबी २.० च्या) पोर्टवर. ५ गिगाहर्ट्‌झवर गेलात तर हा त्रास जवळपास संपतो.

जागा नीट झाली की मग आकड्यांकडे वळा. खोक्यावर १५० लिहिलेला साधा अडॅप्टर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा असतो. ते १५० त्याला ४० मेगाहर्ट्‌झ रुंदीचं चॅनेल मिळालं तरच. सोसायटीत आजूबाजूला वीस-पंचवीस राउटर असताना राउटर २० मेगाहर्ट्‌झवर उतरतो आणि जोडणीचा वेग ७२ होतो. त्यातलं साधारण निम्मंच प्रत्यक्ष हाती लागतं, बाकीचं पोचपावत्या आणि वाट पाहण्यात जातं. म्हणजे शंभरचा प्लॅन असूनही चाळीसच्या वर जाणं मुश्कील, आणि दोन भिंतींआड पंधरा-वीस मिळणं अजिबात नवल नाही. ६०० लिहिलेला अडॅप्टर म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३. ही दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, बेरीज फक्त खोक्यावर असते. ४३३ च्या जोडणीत चांगल्या सिग्नलला दोनशेच्या आसपास खरा वेग येतो. १२०० चा अडॅप्टर ५ वर ८६७ ची जोडणी करतो, पण यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात तीनशेच्या आसपासच जातं. घरचा प्लॅन शंभर-दोनशेचा असेल तर ६०० चाही पुरतो. माझं मत विचाराल तर तरीही दोन अँटेनांचा १२०० चा घ्या. वेगासाठी नव्हे, दोन अँटेना भिंतीआड जास्त तग धरतात म्हणून.

दुकानात ‘डोंगल’ मागितलं तर सिमकार्डवालं डेटा डोंगल हातात पडायची शक्यता असते. ‘ड्युअल बँड यूएसबी वायफाय अडॅप्टर’ असं स्पष्ट मागा. आणि नावापेक्षा आतली चिप महत्त्वाची. एकाच मॉडेल नंबरात मधल्यामध्ये चिप बदलल्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१, दुसरीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. बाहेरून डबा तसाच, पण लागणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) वेगळा. म्हणून खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा बघितल्याशिवाय कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवू नका. विनानावाच्या स्वस्त अडॅप्टरवर ‘१३००’ किंवा ‘वायफाय ६’ छापलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) त्या अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज उघडा. व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) पुढे ०बीडीए असेल तर चिप रिअलटेकची, ०ई८डी असेल तर मीडियाटेकची. ०बीडीए आणि त्यापुढे पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) ८१७९ दिसला की समजा, खोक्यावर काहीही असो, आत २.४ वालीच जुनी ८१८८ आहे. ती ५ गिगाहर्ट्‌झ कधीच दाखवणार नाही. विंडोज ७ वर अजून काम चालू असेल तर वायफाय ६ चे यूएसबी अडॅप्टर घेऊच नका, त्यांचे ड्रायव्हर १० आणि ११ साठीच निघतात.

बसवण्याचा क्रम. जुन्या कंपनीचा ड्रायव्हर किंवा वायफायची वेगळी युटिलिटी आधीपासून असेल तर ती काढून पीसी रीस्टार्ट करा. विंडोजची स्वतःची वायफाय व्यवस्था आणि ती युटिलिटी, दोघं एकाच अडॅप्टरवर हक्क सांगायला लागले की दर पाच मिनिटांनी जोडणी सुटते. मग अडॅप्टर लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. विंडोज १० आणि ११ बरेच अडॅप्टर स्वतः ओळखतात. न ओळखल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसेल. तिथे ‘कोड २८’ म्हणजे ड्रायव्हर नाही.

इथे सगळे अडकतात: ड्रायव्हरला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा. सोबत आलेली इवलीशी सीडी लावायला आता ड्राइव्हच नसते. सरळ अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. पीसीला फोन वायरच्या नेटसारखा दिसतो. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाईल डेटाही जळत नाही. आता विंडोज अपडेट चालवा, त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघायला विसरू नका, ड्रायव्हर बऱ्याचदा तिथेच लपलेला असतो. चार्जिंगपुरती केबल असते तिच्यात डेटाच्या तारा नसतात. टेदरिंगचं बटण राखाडी दिसत असेल तर आधी केबल बदला.

काही अडॅप्टर लावल्यावर वायफाय न दिसता ‘धिस पीसी’मध्ये एक छोटी सीडी ड्राइव्ह उगवते. तो अडॅप्टरच आहे: पोटात ड्रायव्हर ठेवून सीडीचं सोंग घेतलेला. त्यातला सेटअप चालवला की तो सोंग टाकून वायफाय होतो. तसाच अडकून राहिला तर त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून इजेक्ट करा. लिनक्सवर हेच काम यूएसबी-मोडस्विच करतं.

‘कोड १०’ किंवा ‘कोड ४३’ आला तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसण्याआधी एक्स्टेंशन काढून अडॅप्टर थेट मागच्या पोर्टमध्ये लावा. तिथे चालला तर दोष केबलचा किंवा विजेचा. तिथेही नाही आणि दुसऱ्या पीसीवरही नाही, तर अडॅप्टर परत करा. ड्रायव्हर ठीक, त्रिकोण नाही, तरी वायफायचं चिन्हच दिसत नाही असं असेल तर सर्व्हिसेसमध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ बघा. पीसी ‘फास्ट’ करून देणारे ती अनेकदा बंद करून ठेवतात. स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा, स्टार्ट दाबा, चिन्ह लगेच येतं.

नेटवर्क दिसू लागल्यावर बँड निवडा. भारतात बऱ्याच फायबर राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेपटीला ‘५जी’ असतं. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काहीही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय. दोन साध्या विटांच्या भिंतींपर्यंत ते घ्यावं. जुन्या वाड्याची दोन-दोन फुटी दगडी भिंत किंवा मधला स्लॅब आडवा असेल तर ५ अर्ध्यातच दम टाकतं, तिथे २.४ बरं. दोन्हींना एकच नाव असेल तर अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘प्रिफर्ड बँड’ ५ वर ठेवता येतो.

५ चं नाव फोनवर दिसतं, पीसीवर नाही? अडॅप्टर ड्युअल बँड असल्याची खात्री झाली असेल तर राउटरचं चॅनेल बघा. ५२ ते १४४ ही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत आणि स्वस्त अडॅप्टर ती टाळतात. राउटर ३६ ते ४८ मध्ये किंवा १४९ ते १६१ मध्ये बसवा. २.४ वरही असाच घोळ होतो: आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या नियमांवर बसवलेला ड्रायव्हर ११ च्या पुढे बघतच नाही. राउटर ‘ऑटो’मध्ये १३ वर गेला की पीसीसाठी तो अदृश्य. १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्कं करा, ही तीनच एकमेकांवर न चढणारी आहेत. रुंदी २० मेगाहर्ट्‌झ.

राउटरच्या वायफाय सुरक्षिततेत ‘डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस’ ठेवा. राउटरमध्ये टीकेआयपी (सुरक्षेची जुनी पद्धत) निवडलेलं राहिलं तर अडॅप्टर कितीही भारी असो, वेग ५४ च्या वर जात नाही. उलट फक्त डब्ल्यूपीए३ (त्यापुढची नवी पद्धत) ठेवलं तर जुना अडॅप्टर नाव दाखवतो, पासवर्ड घेतो आणि ‘जोडता येत नाही’ म्हणून परत फिरतो. पासवर्ड दहा वेळा टाईप करून उपयोग नाही, राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ या दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

आता मोजा. कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरला सतत पिंग करा (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघणं): पिंग, पुढे राउटरचा पत्ता, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ असतो, आणि शेवटी डॅश टी. उत्तरं एक ते पाच मिलिसेकंदांत, क्वचित एखादं वीस-तीस, हे निरोगी वायफाय. शंभर-दोनशेच्या उड्या किंवा मध्ये मध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसलं तर दोष अडॅप्टर ते राउटर या टप्प्यात. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) पिंग लावा. राउटर नीट उत्तर देतोय आणि हा तुटतोय, तर वायफायला बोल लावू नका, नेट देणाऱ्या कंपनीला फोन करा. हे दोन पिंग शेजारी शेजारी पाच मिनिटं चालू ठेवले की निम्मे वाद तिथेच मिटतात.

विंडोज सिग्नल टक्क्यांत सांगतं. टक्क्यांचे निम्मे करून त्यातून शंभर वजा केले की डेसिबल-मिलिवॅट (सिग्नलच्या ताकदीचं माप) मिळतात: ७० टक्के म्हणजे उणे ६५. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात चालतो, उणे ७५ ला अडखळतो, उणे ८० ला नावापुरती जोडणी. आधी सांगितलेली एक्स्टेंशनची सरकासरकी हा आकडा समोर ठेवूनच करा. दर तीन डेसिबलला सिग्नल दुप्पट होतो, तेव्हा पाच-सहाची वाढही मोठी.

पीसी झोपून उठला की वायफाय गायब होत असेल तर अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंटवर जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड यादीत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही डिसेबल करा. तास-दीड तासाने तुटतंय आणि अडॅप्टर बोटाला चटका देतोय, तर तो कॅबिनेटच्या पंख्याच्या गरम झोतातून बाहेर काढा.

जोडणी झाली पण पीसीचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय, म्हणजे राउटरने पत्ताच दिला नाही. राउटरमध्ये मॅक फिल्टर (ठराविक उपकरणांनाच आत घेणारी यादी) लागलाय का बघा, नाहीतर नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. आणि जुन्या डेस्कटॉपचं खास दुखणं: पिंग झकास, पण एकही साइट उघडत नाही, सगळीकडे सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) तक्रार. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि ब्राउझरला सगळीच सर्टिफिकेटं अजून सुरू न झालेली वाटतात. नवा तीन व्होल्टचा सेल घाला, वायफायला हात लावायची गरज नाही.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: चिप मीडियाटेकची एमटी७६१२यू घेतली तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून ड्रायव्हर आतच आहे, वेगळं काही लागत नाही. रिअलटेकच्या ८८२२बीयू आणि ८८२१सीयू चिपांना कर्नल ६.२ पासून आधार मिळाला. त्याआधीच्या कर्नलवर ड्रायव्हर बाहेरून बांधावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा बांधावा लागतो.

राउटरच नसेल, केबलवाल्याची लॅन वायर थेट पीसीत येत असेल, तर याच अडॅप्टरवरून विंडोजचा ‘मोबाईल हॉटस्पॉट’ चालू करून आठ उपकरणांपर्यंत नेट वाटता येतं. पण पीसी बंद की घरभर नेट बंद. त्यापेक्षा साधा राउटर आणा आणि केबलवाल्याने दिलेलं यूजरनेम-पासवर्ड त्यात भरा.

शेवटी प्रिंटर. वायफाय प्रिंटर पीसीला दिसत नसेल तर तीन गोष्टी बघा: दोन्ही एकाच राउटरच्या मुख्य नेटवर्कवर आहेत का, गेस्टवर नाहीत ना, राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू नाही ना, आणि विंडोजमध्ये नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ आहे का. बहुतेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. पीसी ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी राउटर एकच असेल तर काही बिघडत नाही. प्रिंटरचा पत्ता राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (एका उपकरणाला कायम एकच पत्ता देण्याची सोय) बांधून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर त्याचा पत्ता बदलून तो ‘ऑफलाइन’ दाखवणार नाही.